बाणाची तक्रार

आमच्या सरांच्या घरात चहाची पावडर बदलली, की पुढचे काही दिवस दुसरं काही बदलायची सोय नसायची. काकूंनी हौसेनं नवीन तांदूळ आणला असला तरी तो डब्यात पडून राहायचा. काकू चिडायच्या, आणि सर शांतपणे विचारायचे, उद्या पोट बिघडलं तर पकडायचं कुणाला, पावडरीला की तांदळाला? काकूंकडे याला उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण ते आम्हा पोरांसमोर देण्यासारखं नसावं.

ही रीत घरातून धनुष्याला लागली की धनुष्यावरून घरात शिरली, ते मला माहीत नाही. सर ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. कॉलेजला कधीतरी कुठल्याशा योजनेतून एक कंपाउंड धनुष्य मिळालं. साधं धनुष्य म्हणजे वाकवलेली कांब आणि दोरी. याला मात्र दोन्ही टोकांना चाकं, चाकांवरून गेलेल्या केबल, नेम धरायला भिंगाची साइट, दोरी सोडायला हातात धरायचा खटका, आणि जिकडे बघावं तिकडे स्क्रू. कुणालाच त्यातलं काही कळेना, म्हणून ते लॅबच्या कपाटात जाऊन पडलं. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत सरांनी ते घरी नेलं, सगळं खोललं, परत जोडलं, आणि तिथून पुढे फिजिक्स त्यांच्या हातातून सुटत गेलं. त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि काष्टी-श्रीगोंदा रस्त्याला लागून असलेल्या आपल्या रानात, जिथं नाहीतरी काही पिकत नव्हतं त्या पट्ट्यावर, मैदान केलं. एका टोकाला टार्गेट, दुसऱ्या टोकाला लिंबाचं झाड, बाजूला कांद्याची चाळ आणि चाळीच्या पलीकडे घर.

त्यांनी स्वतः बाण मारलेला आम्ही कुणी बघितला नाही. एकदा एका पोरानं धीर करून विचारलं, तर म्हणाले, मी मारत बसलो तर बघणार कोण? त्यांचं म्हणणं असं, की मारणारे गल्लोगल्ली आहेत, बघणारा मिळत नाही. मग ते खांद्याला दुर्बीण अडकवून आमच्या मागे उभे राहायचे आणि पन्नास मीटरवरचा कागद बघत बसायचे. बाण चांगला लागला की घशातून "हं" असा बारीक आवाज यायचा. वाईट लागला की काहीच यायचं नाही. त्यांच्या शाबासकीची सगळी बाराखडी एवढ्यावरच संपायची.

नाव मात्र झालं ते दुरुस्तीचं. बाण भरकटायला लागले की लोक आपापली धनुष्यं घेऊन त्यांच्याकडे यायचे. कर्जतहून, पारनेरहून, एकदा तर थेट बीडकडून एक जण बायको आणि तान्हं मूल घेऊन आला होता. आलेल्याला सर आधी लिंबाखाली बसवायचे, चहा द्यायचे आणि हात पुढे करून त्याची एलन की काढून घ्यायचे. एलन की म्हणजे धनुष्याचे स्क्रू फिरवायची वाकडी किल्ली. सर म्हणायचे, ही दारूपेक्षा वाईट. दारूडा निदान झोपेत तरी पीत नाही. हा माणूस झोपेतसुद्धा स्क्रू फिरवत असतो. लोकांच्या अशा जप्त केलेल्या किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या कमरेला लटकलेला असायचा, आणि ते चालले की घुंगुरमाळ घातलेल्या बैलासारखा खुळखुळ आवाज यायचा. जाताना ते ज्याची त्याला परत करायचे, पण चेहरा असा करायचे की घेणाऱ्यालाच लाज वाटावी, आणि बरेच जण ती तिथंच सोडून जायचे.

मग चौकशी सुरू व्हायची. दोष, चूक असले शब्द ते वापरत नसत. त्यांचा शब्द तक्रार. बाणाची तक्रार काय आहे? समोरचा सांगायचा, खाली जातात. सगळे? सगळे नाही, काही खाली, काही वर, एखादा बाजूला. मग ही खाली जायची तक्रार नाही, पांगायची आहे. सरांचा हिशेब साधा होता. सगळे बाण चुकीच्या जागी का होईना, पण गोळा होऊन बसत असतील, तर माणूस आणि धनुष्य दोघंही बरे आहेत, नुसती साइट सरकवा आणि घरी जा. बाण पांगत असतील तर साइटला हात लावला तो मेला. आणि बहुतेक माणसं पांगलेल्या बाणांवर साइट सरकवत महिने काढतात, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि शेवटी धनुष्यालाच शिव्या देतात.

कर्जतचा एक हवालदार असाच आला होता. चांगला आडदांड गडी, पोलीस स्पर्धेत उतरायचं होतं त्याला. दोरी बदलून झाली होती, बाण बदलून झाले होते, आता धनुष्यच बदलायचं म्हणत होता. सरांनी त्याला एक बाण मारायला लावला आणि दुर्बीण न लावता त्याच्या छातीकडे बघत राहिले. मग म्हणाले, खिशातला मोबाईल काढा. दोरी सुटताना शर्टाच्या वरच्या खिशातल्या मोबाईलला घासून जात होती. ज्या दिवशी मोबाईल खिशात सरळ असेल त्या दिवशी बाण बरे, आडवा असेल त्या दिवशी वाईट. हवालदार मोबाईल काढायला काही केल्या तयार होईना. साहेबांचा फोन आला तर? सरांनी शांतपणे एलन की त्याच्या हातात ठेवली आणि म्हणाले, मग तुमच्या साहेबांनाच स्पर्धेला पाठवा. गडी शेवटी मोबाईल काकूंकडे ठेवून आला.

बाण धनुष्यातून सरळ निघतो की शेपूट हलवत निघतो हे बघायची एक युक्ती असते. लाकडी चौकटीत कागद ताणून लावायचा आणि जवळून त्यातून बाण मारायचा. भोक गोल पडलं तर ठीक, फाटलं तर ज्या बाजूला फाटलं त्यावरून काय ते समजतं. सरांना यासाठी वर्तमानपत्राचं एकच पान चालायचं, वाढदिवसाच्या शुभेच्छांचं. मजकुराच्या पानावर फाटलेलं नीट दिसत नाही, शुभेच्छांच्या पानावर मोठाले चेहरे आणि भरपूर मोकळी जागा, असं त्यांचं शास्त्रीय कारण. अनेक भावी आमदार त्या चौकटीत येऊन गेले. एकदा त्यातल्याच एकाचा पुतण्या दुसऱ्या कामाला म्हणून आला आणि त्यानं काकाच्या गालातून आरपार गेलेलं भोक बघितलं. तो आवाज चढवून बोलायला लागला. सरांनी त्याला चौकटीजवळ नेलं आणि खरोखरच मनापासून दाखवलं, की बघा, काकांचा गाल डावीकडे फाटलाय, कानाकडे फाटला असता तर तक्रार वेगळी होती. पुतण्याला भांडायचं होतं, पण ऐकता ऐकता त्यानं विचारलं, की मग आता काय करायचं? सर म्हणाले, आता बाण टेकायची रेस्ट थोडी सरकवायची आणि काकांचा दुसरा फोटो लावायचा. तो माणूस पुढे दोनदा आला, आणि दुसऱ्या खेपेला स्वतःच पेपर घेऊन आला.

एवढं सगळं ऐकून ते मोठे विनोदी असावेत असं वाटेल. तसं काही नव्हतं. ते हे सगळं अगदी गंभीरपणे करायचे आणि आम्ही हसलो तर इकडेतिकडे बघायचे, की काय झालं म्हणून.

आता माझं. मी तिथं शाळेत असल्यापासून जात होते. आधी पोरं भरपूर होती, सर सगळ्यांमागून फिरत असायचे. मग कुणी पोलीस भरतीच्या मागे लागलं, कुणाचं कॉलेज लांब पडलं, आणि राहिलो आम्ही दोघं-तिघं. त्या वर्षी माझा वयोगट संपत होता. राज्याच्या संघात जायची ती शेवटची संधी होती, आणि घरात वडिलांनी सरळ सांगून टाकलं होतं, "लई वर्सं खेळून झालं. औंदा निवड झाली तर खेळ, मी आडवा येनार न्हाई. न्हाई झाली तर नर्सिंगला जायचं." यात वाईट असं काही नव्हतं. माझी आत्या नर्स आहे आणि तिचं आमच्या सगळ्यांपेक्षा बरं चाललंय. पण मला धनुष्य हवं होतं, बाकी काही नको होतं.

आणि नेमकं त्याच वर्षी माझे बाण डावीकडे जायला लागले. सगळे नाही. सहातले चार टार्गेटच्या मधल्या पिवळ्यात जाऊन बसायचे आणि एखाददुसरा असा डावीकडे निसटायचा, की मी मारला यावर माझाच विश्वास बसू नये. निवडीत एवढ्यावर माणूस घरी जातो.

सरांनी ही तक्रार मनावर घेतली. रोज एक गोष्ट बदलायची आणि दिवसभर तीच बघायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि बाण सुधारला, तर कशामुळे ते कधी कळणार नाही, आणि कळलं नाही तर तो सुधारलाच नाही असं समजा, असं ते म्हणायचे. बाणांची पिसं बदलली. बाण ज्यावर टेकतो ती रेस्ट केसभर सरकवली. दोन्ही चाकं बरोबर फिरतात का हे बघायला त्यांच्यावर खडूनं खुणा केल्या. दोरीतली बघायची कडी फिरते का ते तपासलं. मग त्यांना वाटलं की उन्हानं दोरी ताणत असेल, म्हणून माझं धनुष्य दुपारभर ओल्या गोणपाटात गुंडाळून कांद्याच्या चाळीत ठेवायला सुरुवात झाली. मी महिनाभर कांद्याचा वास मारणारं धनुष्य खांद्याला लावून काष्टीच्या एसटीत बसत होते, आणि बाजाराच्या दिवशी बायका मला विचारायच्या, काय भाव गेला?

सरांचं जेवण कमी झालं. काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, की रातच्याला उठून बसत्यात अन् डावीकडं, डावीकडं म्हनत्यात. मला फार अपराधी वाटायचं. रोज सकाळी सर नवीन काहीतरी बदलून धनुष्य माझ्या हातात द्यायचे, मागे जाऊन उभे राहायचे, आणि माझ्या मनात एकच यायचं, आज यांचं खरं होऊ दे. माझं जाऊ दे, पण या माणसानं एवढं डोकं लावलंय, आजचं तरी बरोबर निघू दे. आणि बाण डावीकडे.

निवड जवळ आली तेव्हा त्यांनी नवीन दोरी चढवली. ती शेवटची गोष्ट होती, धनुष्यात बदलायचं आणखी काही उरलं नव्हतं. त्याच सुमाराला त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, मोतीबिंदूचं. त्यांना पुढे ढकलायचं होतं, पण काकूंनी या वेळी ऐकलं नाही. दोघं नगरला गेले आणि काकूंच्या भावाकडे राहिले. मी मैदानावर एकटीच. पहिल्या दिवशी मारले, सगळे पिवळ्यात. मला वाटलं नशीब. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी तो कागद टार्गेटवरून काढलाच नाही, सरांना दाखवायला तसाच ठेवला. नवीन दोरीनं काम केलं, सरांना सापडलं, या आनंदात मी घरी वडिलांनाही सांगून टाकलं.

सर आले ते काळा गॉगल लावून. आल्या आल्या कागदाजवळ गेले, भोकांवरून बोट फिरवलं, आणि विचारलं, हे कुणी मारले? मी म्हटलं, मीच. ते खूश झाले. मागे जाऊन उभे राहिले. मी मारले, आणि तिसराच बाण डावीकडे निसटला.

ते वळून कांद्याच्या चाळीमागे निघून गेले. तिथूनच ओरडून म्हणाले, मार. मी मारले, सगळे पिवळ्यात. ते परत आले, मागे उभे राहिले. बाण डावीकडे. परत चाळीमागे गेले. परत पिवळ्यात. असं बराच वेळ चाललं. एखादा स्क्रू सैल आणि घट्ट करून बघावा, तसे ते स्वतःला नेऊन आणत होते. माझ्या लक्षात आधीच आलं होतं आणि मला रडू यायला लागलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र काहीच नव्हतं.

शेवटी ते पहिल्यांदाच मागे न थांबता माझ्या डाव्या बाजूला येऊन उभे राहिले आणि कागदाऐवजी माझ्या धनुष्य धरलेल्या हाताकडे बघू लागले. धनुष्य हातात मोकळं लागतं. नुसतं टेकवायचं, बोटं सैल, मूठ वळायची नाही, मूठ वळली की धनुष्य पिळतं आणि बाण बाजूला जातो. हे त्यांनीच मला पहिल्या दिवशी शिकवलेलं. खटका दाबायच्या क्षणी माझी चारही बोटं धनुष्याच्या मुठीवर आवळली जात होती. इतकी वर्षं ते माझ्या मागे उभं राहून बाण बघत होते, हात त्यांना तिथून दिसलाच नव्हता.

"सापडलं," ते म्हणाले, आणि काकूंना चहा टाकायला सांगितलं. हवालदाराला खिशातला मोबाईल काढा म्हणाले होते, अगदी त्याच आवाजात.

मी हट्टाला पेटले. म्हटलं, मी सवय करते, तुम्ही इथंच उभे राहा. पुढचे दिवस मी बोटं उघडी ठेवायचा जिवाच्या आकांतानं प्रयत्न केला. बोटं उघडी आहेत असं मला वाटायचं, आणि सुटताना ती मिटायची. ते मागे आहेत हे त्या हाताला माहीत असायचं. निवडीला आठवडाही उरला नव्हता. त्या दिवशी सर म्हणाले, उद्यापासून मी मैदानावर येत नाही, आणि निवडीलाही आत येणार नाही.

मी म्हटलं, "सर, दोष माझ्या हातात आहे. तुमच्यात नाही."

"बरोबर आहे," ते म्हणाले. "पण हात काढून ठेवता येत नाही. मला काढून ठेवता येतं."

निवड दुसऱ्या जिल्ह्यात होती. ते माझ्याबरोबर एसटीनं तिथपर्यंत आले. धनुष्याची पेटी मांडीवर घेऊन बसले होते, कंडक्टरनं विचारलं, पेटीवाले का, कीर्तनाला चाललात? सर हो म्हणाले. मैदानाच्या फाटकाशी आल्यावर त्यांनी पेटी माझ्या हातात दिली आणि रस्त्यापलीकडच्या रसवंतीत जाऊन बसले. आतून काही दिसणार नाही अशी जागा बघून, भिंतीकडे तोंड करून.

मी चौथी आले. संघात चारच घेतात. यादीत नाव ऐकलं तेव्हा मला उडी मारावीशी वाटली, आणि फाटकापर्यंत पळत येईपर्यंत ते सगळं ओसरलं. कारण मला कळेना की यांना हे सांगायचं कसं. मी जिंकले म्हणजे सरच बाणाची तक्रार होते, हे आता पक्कं झालं होतं. रसवंतीत गेले. त्यांनी निवड झाली का हे विचारलंच नाही.

"डावीकडे?" त्यांनी विचारलं.

"एकही नाही."

त्यांनी मान हलवली. हिशेब जुळल्यावर माणूस हलवतो तशी. मग म्हणाले, चार महिने बिचाऱ्या धनुष्याला उगाच छळलं. आणि मला रस मागवला, आलं-लिंबू घालून. मला त्यांचा राग आला होता. थोडं तरी वाईट वाटू द्यायचं ना. मी रस प्यायले आणि रडले, आणि त्यांना वाटलं मी आनंदानं रडतेय.

नर्सिंग टळलं. पुढची पाच-सहा वर्षं मी खेळले. फार मोठं काही केलं नाही, पण त्या जोरावर नोकरी लागली आणि अजूनही मी मुलींना शिकवते. सराव त्यांच्याच मैदानावर असायचा. मी आले की सर लिंबाखालून उठायचे, घरात जायचे आणि टीव्ही मोठ्यानं लावायचे. तो आवाज मला ऐकू यावा म्हणून लावायचे, म्हणजे ते आत आहेत याची मला खात्री राहील. शेतीच्या कार्यक्रमापासून सासू-सुनांच्या मालिकांपर्यंत जे असेल ते. मला त्या मालिकांमधली सगळी भांडणं अजून पाठ आहेत. मी बाण काढून आणले की टीव्ही बंद व्हायचा, ते बाहेर यायचे, आणि मी त्यांना सांगायचे कुठला कुठं लागला. ते कागदावरची भोकं बघायचे. त्यांनी भोकंच बघितली. माझा बाण जाताना त्यांना पुन्हा कधी दिसला नाही.

आता ते दोघं मुलाकडे असतात, पुण्याच्या पुढे. मैदानावर कांदा लावलाय. मागच्या खेपेला मी भेटायला गेले तेव्हा सर दूध आणायला खाली उतरले होते आणि काकू एकट्या होत्या. गप्पांत टीव्हीचा विषय निघाला. काकू म्हणाल्या, बाई गं, कान किटायचे. मग म्हणाल्या, की त्यांनाही राहवायचं नाही, सर टीव्हीपुढे बसून नुसते चुळबुळ करायचे, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून तर मैदान अख्खं दिसायचं.

"म्या म्हनलं, अवो, तिची पाठ हाय हिकडं. खिडकीतनं एकडाव बगून घ्या की. तर म्हनले, नको. तिला कळंल."

काकू हसत होत्या. मला हसू आलं नाही. मला कळलं असतं.